कमी आवाजातही वाद्य बोलावे म्हणून : पिकअप आणि व्हॉल्यूम कंट्रोलमधील फेरफार

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी स्थानके घेत जाते. या पट्ट्यातील गावांत आणि वसाहतींत हळदीची संध्याकाळ असो की गणपतीची मिरवणूक, बँजोशिवाय तिला रंग चढत नाही. दुसरीकडे याच शहरांतील इमारतींमध्ये महाविद्यालयीन मुले इलेक्ट्रिक गिटार घेऊन सराव करताना आढळतात. एक वाद्य रस्त्यावरचे, दुसरे खोलीतले. मात्र दोन्ही वादकांची तक्रार बहुधा सारखीच असते. वाद्यावरील व्हॉल्यूम पूर्ण उघडा असला की आवाज खणखणीत येतो. तो थोडा कमी केला की आवाज केवळ लहान होत नाही, तर मंद आणि घोंगडीखालून आल्यासारखा होतो. मग वादक नाइलाजाने व्हॉल्यूम पूर्ण उघडाच ठेवतो. शेजारी तक्रार करतात, गायकाचा आवाज झाकला जातो आणि अखेरीस दोष पिकअपच्या माथी मारून नवा पिकअप आणला जातो. नव्या पिकअपनेही तक्रार संपत नाही, कारण आवाज हरवण्याची जागा निराळीच असते.

ही जागा कोणती, ती कशी ओळखावी आणि थोडक्या खर्चात कोणते फेरफार करता येतात, याची माहिती येथे दिली आहे.

दोन वाद्ये, एक तत्त्व

महाराष्ट्रात ज्याला बँजो म्हणतात, त्याचे अमेरिकी बँजोशी नावापलीकडे फारसे नाते नाही. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानमधील ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो कालखंड सुरू झाला आणि वाद्याला त्याचेच नाव मिळाले. लांबट लाकडी पेटीवर तारा, तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या चाव्या. एका हाताने चाव्या दाबायच्या आणि दुसऱ्या हातातील नखीने तारा छेडायच्या, अशी त्याची रचना. भारतात आल्यावर ते बुलबुलतरंग झाले, सिंध आणि बलुचिस्तानात बेंजो किंवा बेंजू म्हणून रुजले आणि मुंबई, ठाणे, रायगडच्या मिरवणुकांत बँजो म्हणून गाजू लागले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगरात, तसेच आगरी-कोळी गावांनी वेढलेल्या अंबरनाथ-बदलापुरात हे वाद्य कोणालाही परके वाटण्याचे कारण नाही. रवी जाधव यांनी २०१६ साली दिग्दर्शित केलेल्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटामुळे रस्त्यावरच्या या वादकांकडे मोठ्या पडद्याचेही लक्ष गेले.

ढोल, ताशा आणि कर्ण्यांच्या गर्दीत बुलबुलतरंगाचा मूळचा नाजूक आवाज ऐकू येणे अशक्यच होते. म्हणून त्याला पिकअप बसवण्यात आला. गिटारची कथाही हीच आहे. अमेरिकेत जॉर्ज बोशां यांनी १९३१च्या सुमारास विद्युत्‌-चुंबकीय पिकअप असलेली गिटार तयार केली. तव्यासारख्या आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ हे टोपणनाव पडले. तिचे पेटंट १९३७ साली मिळाले. ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची होती. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना हवाईयन गिटारवर वाजवणारे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल.

पिकअप ऐकतो कसा?

पिकअपमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात : चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे. वरून जाणारी पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात स्वतःही किंचित चुंबकीय होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युत्‌-चुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच.

यातून एक व्यवहारी गोष्ट निष्पन्न होते. असा पिकअप पोलादी तारच ऐकतो. पितळेची तार त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. पोलादाच्या गाभ्यावर तांबे किंवा कांसे गुंडाळलेली तार असेल, तर केवळ आतला गाभाच काम करतो. बँजोच्या एखाद्या तारेचा आवाज इतरांपेक्षा फारच कमी येत असेल, तर पिकअप उघडण्याआधी ती तार कोणत्या धातूची आहे ते पाहावे.

एका वेटोळ्याच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपमध्ये साधारण ७५०० ते ८००० फेरे असतात आणि मल्टिमीटरवर त्याचा रोध सुमारे ६ किलोओहम दिसतो. या रचनेचा दोष असा की तारेच्या कंपनाबरोबरच ती आसपासच्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबलाइटचे चोक यांची गुणगुणही उचलते. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्झ असल्याने ही गुणगुण ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० हर्ट्झवर ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर दोन वेटोळ्यांचा उपाय शोधला. दोन्ही वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने जोडायची आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवायचे. अशाने बाहेरची गुणगुण दोन्हींत उलटसुलट येऊन परस्परांना मारते, तारेचा आवाज मात्र एकत्र येतो. गुणगुणीला मारणारा म्हणून या पिकअपला हंबकर हे नाव मिळाले. त्याचा रोध सर्वसाधारणपणे ७.५ ते ८.५ किलोओहमच्या दरम्यान असतो.

पिकअपचा आवाज केवळ रोधावरून ठरत नाही. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि केबलची धारिता मिळून एक अनुनाद तयार होतो; त्या कंप्रतेभोवतीचे स्वर उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने उतरतात. सिंगल कॉइलचे प्रवर्तकत्व २.५ हेन्री धरले आणि ५ मीटर केबलसह एकूण धारिता ६०० पिकोफॅरड मानली, तर हा अनुनाद सुमारे ४१०० हर्ट्झवर येतो. केबल १० मीटरची केली, तर तो ३००० हर्ट्झच्या आसपास उतरतो. लांब केबल लावल्यावर गिटारची चमक कमी झाल्यासारखी वाटते, त्याचे कारण हे आहे. मिरवणुकीत गाडीवरच्या मिक्सरपर्यंत लांबच लांब केबल ओढणाऱ्या बँजोवादकालाही हाच हिशेब लागू पडतो.

आवाज हरवतो तो येथे

व्हॉल्यूम कंट्रोल, ज्याला बाजारात नुसते ‘पॉट’ किंवा ‘कंट्रोल’ म्हणतात, तो पाण्याच्या नळासारखा असावा अशी समजूत असते : उघडला की जास्त, बंद केला की कमी. प्रत्यक्षात त्यात कार्बनची अर्धवर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावरून फिरणारा संपर्क असतो. पट्टीच्या एका टोकाला पिकअप, दुसऱ्या टोकाला अर्थ आणि मधल्या पायाला बाहेर जाणारी केबल जोडलेली असते. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना पिकअप थेट केबलला भिडतो. तो कमी केला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये पट्टीचा रोध येतो. हा रोध आणि केबलची धारिता मिळून ट्रेबल गाळणारी चाळणी तयार होते.

हिशेब करून पाहता येईल. २५० किलोओहमच्या पॉटवर मध्यबिंदूला हा परिणामी रोध जास्तीत जास्त, म्हणजे सुमारे ६२ किलोओहम होतो. ५ मीटर केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली, तर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचे स्वर उतरू लागतात. पॉट ५०० किलोओहमचा आणि केबल १० मीटरची असेल, तर हीच सीमा सुमारे १३०० हर्ट्झवर येते. तेथून पुढचा सगळा झणत्कार गेला, असे समजावे. घोंगडीखालून येणारा आवाज तो हाच.

दुसरी चूक दुरुस्तीच्या वेळी होते. पॉट खराब झाला की रेडिओ वा अ‍ॅम्प्लिफायरमधील सहज मिळणारा १० किलोओहमचा पॉट बसवला जातो. तो आकाराने सारखा, जोडणीने सारखा आणि आवाजही कमीजास्त करतो. मात्र चुंबकीय पिकअपवर त्याचा भार इतका पडतो की व्हॉल्यूम पूर्ण उघडा असतानाही १००० हर्ट्झच्या वरचे स्वर दबू लागतात. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहम आणि हंबकरसाठी ५०० किलोओहम हे रूढ मूल्य आहे. हंबकरचा आवाज मुळात थोडा जड असल्याने त्यावर भार कमी ठेवायचा, तर सिंगल कॉइलचा तीक्ष्णपणा किंचित बोथट करायचा, असा त्यामागचा विचार. हंबकर फारच किणकिणत असेल, तर २५० किलोओहमचा पॉट लावून तो मवाळ करता येतो. पॉटच्या मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो; २५० किलोओहम असे छापलेला पॉट प्रत्यक्षात २०० ते ३०० किलोओहमच्या दरम्यान कोठेही भरतो. म्हणून दुकानातच मीटर लावून पाहणे शहाणपणाचे.

पॉटवरील अक्षराकडेही लक्ष द्यावे. आशियाई बनावटीच्या पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉगरिदमिक आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर असा संकेत आहे. मानवी कान आवाजाची वाढ गुणोत्तराने मोजतो. लिनिअर पॉट अर्ध्यावर आणला तरी पातळी केवळ ६ डेसिबलने घटते आणि सगळा बदल शेवटच्या थोड्या फिरकीत कोंबला जातो. लॉगरिदमिक पॉट अर्ध्यावर साधारण १० ते १५ टक्के पातळी देतो, त्यामुळे कानाला चढउतार सावकाश वाटतो. व्हॉल्यूमसाठी बहुतेकांना ‘ए’ सोयीचा पडतो.

आधी फुकटचे, मग स्वस्तातले

कोणताही फेरफार करताना क्रम महत्त्वाचा. ज्याला पैसे पडत नाहीत आणि जे पूर्ववत करता येते, ते आधी.

पहिली पायरी पिकअपच्या उंचीची. बाजूचे स्क्रू फिरवून पिकअप तारांच्या जवळ वा दूर नेता येतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप आणि तार यांत सुमारे २ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. अंतर कमी केले की आवाज वाढतो, हे खरे. पण अतिजवळच्या चुंबकाच्या ओढीने तारेचे कंपन बिघडते, स्वर डळमळतो आणि वाद्य सुरात लागतच नाही असे वाटू लागते. गंभीर सुराच्या तारांकडची बाजू किंचित खाली ठेवली की सर्व तारांचा समतोल साधतो.

दुसरी पायरी सफाईची. पॉट फिरवताना खरखर येत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पॉट वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावा. खोबरेल तेल, रॉकेल किंवा वंगण यांपैकी काहीही घालू नये. त्यावर धूळ बसून पट्टी कायमची खराब होते.

तिसरी पायरी टोन कंट्रोलच्या जोडणीची. अनेक गिटारींत टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडील पायाला जोडलेला असतो. तो मधल्या पायाला जोडला, तर व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल बरीचशी टिकून राहते. १९५०च्या दशकातील गिटारींत अशी जोडणी असे, म्हणून तिला ‘फिफ्टीज वायरिंग’ म्हणतात. खर्च काहीच नाही, एक डाग काढून दुसरीकडे द्यायचा. व्हॉल्यूम आणि टोन यांचा परस्परांवर थोडा परिणाम होऊ लागतो, एवढीच त्याची किंमत.

चौथी पायरी, आणि मूळ तक्रारीवरचा सर्वांत थेट उपाय, म्हणजे ‘ट्रेबल ब्लीड’. व्हॉल्यूम पॉटचा पिकअपकडील पाय आणि मधला पाय यांच्यामध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रोधक जोडायचा. पॉट कमी केला की ट्रेबलला या आडवाटेने पुढे जायला मार्ग मिळतो. पॉट पूर्ण उघडा असताना हे दोन्ही भाग निष्क्रिय राहतात, त्यामुळे मूळ आवाज बदलत नाही. नुसता कपॅसिटर लावला, तर कमी आवाजात वाद्य पातळ आणि कर्कश होते. रोधक त्याला आवर घालतो. मात्र रोधकामुळे पॉटची चाल थोडी बदलते. हे दोन भाग लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अगदी थोड्या पैशांत मिळतात. त्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठण्याचीही गरज नाही. दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही जुन्या कारागिराच्या डब्यात ते सापडण्याजोगे आहेत.

टोन कंट्रोलमधील कपॅसिटरही बदलता येतो. सिंगल कॉइलसाठी ०.०४७ आणि हंबकरसाठी ०.०२२ मायक्रोफॅरड ही रूढ मूल्ये. टोन बंद केल्यावर आवाज फारच गढूळ होत असेल, तर याहून लहान मूल्याचा कपॅसिटर लावावा.

दोन पिकअप आणि दोन व्हॉल्यूम असलेल्या गिटारीत, दोन्ही पिकअप चालू असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दुसरा पिकअपही बंद पडतो. हा बिघाड नव्हे. दोन्ही पॉटचे मधले पाय एकत्र असल्याने एक शून्यावर जाताच संपूर्ण बाहेरचा मार्ग अर्थला मिळतो. दोन्ही पॉटवर पिकअपची तार आणि बाहेरची तार यांची अदलाबदल केली की व्हॉल्यूम स्वतंत्र होतात. परंतु तसे केल्यावर आवाज कमी करताना ट्रेबल आणखी लवकर जाते. कमी आवाजात स्पष्टता हवी असणाऱ्याने हा सौदा विचारपूर्वक करावा.

वेटोळ्याला हात घालताना

चार तारा बाहेर काढलेला हंबकर असेल, तर त्याच पिकअपमधून तीन आवाज मिळवता येतात. दोन्ही वेटोळी एकसर ठेवली की जोरकस आवाज. समांतर जोडली की आवाज थोडा लहान पण मोकळा. आणि एकच वेटोळे ठेवले की सिंगल कॉइलसारखा. ४ किलोओहमची दोन वेटोळी एकसर जोडली की ८ आणि समांतर जोडली की २ किलोओहम भरतात. समांतर जोडणीत गुणगुण मारण्याचा गुण कायम राहतो, एका वेटोळ्यावर मात्र तो जातो. ही निवड ओढून-दाबून चालणाऱ्या पुश-पुल पॉटने करता येते, गिटारला नवे भोक पाडावे लागत नाही.

वेटोळे तुटले आहे की नाही, हे वाद्य न उघडताही कळते. केबल वाद्याला लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर मल्टिमीटरने रोध मोजावा. सिंगल कॉइलला ६ किलोओहमच्या जवळपास आकडा आला तर वेटोळे शाबूत आहे. २५० किलोओहमच्या आसपास दिसले तर मीटरला केवळ पॉट दिसतो आहे, म्हणजे वेटोळे किंवा त्याची जोडणी तुटली आहे. शून्य आले तर कोठेतरी शॉर्ट आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, हेही लक्षात ठेवावे. बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; जानेवारीत मोजलेला आणि एप्रिलमध्ये मोजलेला आकडा थोडा निराळा आला म्हणून पिकअप बदलला असे समजू नये.

तुटलेले वेटोळे पुन्हा गुंडाळता येते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे या भागात मोटर वायंडिंगची दुकाने नवी नाहीत, आणि गुंडाळीचा हात असलेल्या माणसाला हे काम शिकता येण्याजोगे आहे. येथे एक घोटाळा मात्र हमखास होतो. परदेशी माहितीत पिकअपसाठी ‘४२ नंबर’ तार सांगितलेली असते. हा अमेरिकी गेज आहे आणि त्याची जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे गुंडाळीची तार ब्रिटिश गेजने, म्हणजे एसडब्ल्यूजीने विकली जाते. त्यात ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर जाडीची असते. ती आणली, तर त्याच साच्यात ८००० ऐवजी जेमतेम ३००० फेरे बसतात आणि पिकअप कुजबुजू लागतो. आपल्या बाजारात मागायची ती ४६ नंबरची तार. तिची जाडी ०.०६१ मिलिमीटर भरते. तार घेताना नंबराबरोबर जाडीही विचारावी.

मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागला, तर वेटोळ्याचे फेरे सैल असण्याचा संभव असतो. पॅराफिन मेण आणि थोडे मधमाश्यांचे मेण यांच्या सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या मिश्रणात पिकअप बुडवून फेरे पक्के करतात. मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे. थेट ज्योतीवर ठेवलेले मेण पेट घेते आणि त्याआधीच साचा वितळवते.

बँजोवर गिटारचा पिकअप बसवताना तारांमधील अंतराचा प्रश्न येतो. गिटारच्या पिकअपमधील सहा चुंबकीय खांब गिटारच्या तारांच्या अंतराप्रमाणे असतात. बँजोच्या तारा त्यांच्याशी जुळतीलच असे नाही. दोन खांबांच्या मध्ये पडलेली तार दुबळी ऐकू येते. खांबांऐवजी अखंड पट्टी असलेला पिकअप अशा ठिकाणी अधिक सोयीचा.

मिक्सरशी गाठ

काही वाद्यांवर चुंबकीय पिकअपऐवजी पिझो चकती चिकटवलेली असते. ती लाकडाचे कंपन ऐकते, तारेच्या धातूशी तिला देणेघेणे नसते. तिची प्रकृती निराळी आहे. २० नॅनोफॅरड धारितेची चकती मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडली, तर सुमारे ८०० हर्ट्झखालचे स्वर उतरू लागतात आणि बँजो पत्र्यासारखा वाजतो. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली, तर ही सीमा ८ हर्ट्झवर जाते, म्हणजे सारा आवाज शाबूत राहतो. चुंबकीय पिकअपला त्याच लाइन इनपुटवर उलटा फटका बसतो : त्याची ट्रेबल जाते. दोहोंवर उपाय एकच. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये उच्च रोधाचे इनपुट असलेला बफर किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स ठेवावा. तो वाद्याजवळ ठेवला की त्यापुढची केबल कितीही लांब असली तरी आवाजाची हानी होत नाही. मिरवणुकीसाठी नव्या पिकअपपेक्षा हा खर्च अधिक सत्कारणी लागतो.

गुणगुण आणि जिवाचा प्रश्न

गिटारच्या तारा पुलामार्फत अर्थला जोडलेल्या असतात. वादकाने तारांना हात लावला की गुणगुण कमी होत असेल, तर जोडणी बरोबर आहे, फक्त आतील आवरण अपुरे आहे. पॉटच्या आणि पिकअपच्या खोबणीत तांब्याची पातळ पट्टी लावून, तिचे सर्व तुकडे परस्परांना आणि अर्थला जोडले की पुष्कळ फरक पडतो. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल, तर अर्थची जोडणी तुटली किंवा उलटी झाली असण्याची शक्यता मोठी.

हाच अर्थ जिवावरही उठू शकतो. वादकाच्या बोटांखाली अर्थ केलेल्या तारा आणि ओठांपाशी सदोष जोडणीचा मायक्रोफोन, अशा स्थितीत विजेचा मार्ग शरीरातून जातो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मंचावरच मरण पावला. मांडवातील तात्पुरती वायरिंग, जनरेटर आणि ओली जमीन ही आपल्याकडची नित्याची परिस्थिती. गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापणे किंवा तिला टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे, तो सापळा आहे. मंचावरील सर्व यंत्रे एकाच अर्थ केलेल्या बोर्डवरून चालवावीत, त्या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि गायनापूर्वी मायक्रोफोन टेस्टरने तपासावा.

पावसाळा हा या पट्ट्यातील वाद्यांचा दुसरा शत्रू. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसरातील घरांत पाणी शिरले. पाण्यात गेलेले वाद्य वा अ‍ॅम्प्लिफायर चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. वाद्य उघडून, स्वच्छ पाण्याने गाळ काढून, उन्हाच्या तडाख्यात न ठेवता सावलीत अनेक दिवस वाळवावे. पॉट आणि जॅक बदलणेच योग्य, ते महाग नसतात. पिकअप मात्र मीटरवर बरोबर भरला तर वाचलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायर जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय विजेला जोडू नये.

कमी आवाजाचा मान

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. राज्य सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर वादकाला आवाज आवरणे भागच पडते. ज्याचे वाद्य पूर्ण उघड्या व्हॉल्यूमवरच बोलते, त्याच्यापुढे ओरडणे किंवा गप्प बसणे एवढेच पर्याय उरतात. कमी आवाजात स्पष्ट बोलणाऱ्या वाद्याला छोट्या सभागृहात, घरच्या हळदीत आणि गायकाच्या साथीला जागा मिळते. वर्षातील मोजक्या हंगामावर पोट असणाऱ्या वादकासाठी हा फरक लहान नाही.

फेरफार करण्यापूर्वी मूळ जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे, काढलेले भाग पाकिटात नाव लिहून जपावेत आणि एका वेळी एकच बदल करून कानाने पारखावा. जुन्या, मूळ स्थितीतील चांगल्या वाद्यावर प्रयोग टाळावेत, कारण अशा वाद्याचे मोल त्याच्या अस्पर्श डागांतही असते. बाकी सर्वसामान्य गिटार वा बँजोसाठी एक कपॅसिटर, एक रोधक, योग्य मूल्याचा पॉट आणि बरा डाग देणारा हात एवढे भांडवल पुरते. नवा पिकअप घेण्याचा विचार त्यानंतर करावा. पुष्कळदा तो करावाच लागत नाही.